विळी आहे, व्हिला नाही

पेण, ६ जानेवारी २०२५

चि. सौ. पूजा हिस,

आशीर्वाद. पुढचं वाचायच्या आधी पत्र फाडू नकोस, एवढं ऐक.

पाकीट घ्यायला गेले तर पोस्टातली नवीन बाई पत्ता ऐकून म्हणते, "रोह्याला? अहो, गाडीत बसलात तर तासाभरात पोचाल." मी म्हटलं, "मला पोचायचं नाय, पत्राला पोचवायचंय." आता हिला काय सांगू, की सुनेचा फोन पाण्यात गेला आणि विहीणबाईंना लावला तर माझा आवाज ऐकून त्या फोन ठेवतात? दोनदा ठेवला. मलाही मान आहे. परत लावणार नाही.

पण मला एक सांग, एका फोनवरून कोणी घर सोडतं का गो? मी बाजारातून आले तर तू निघून गेलेली. निकेशने सांगितलं सगळं. तुमची बोलाचाली झाली, तेवढ्यात तुझ्या हातातला फोन निसटला आणि भात्याशेजारच्या कुंडीत पडला. आमचे हे तापलेल्या पात्यांना ज्या कुंडीत पाणी देतात, नेमकी तीच. पडला तर पडला. नवा घेतला असता. त्यासाठी बॅग भरायची? लग्नाला अजून दोन वर्षं नाही झाली. शेजारची मालू रोज विचारते, "पूजा दिसत नाय?" मी सांगते, आईला बरं नाही. रागावू नका म्हणावं बायजाबाईंना, मी त्यांना आजारी पाडलं.

कामाचं लिहिते. ऑनलाइन दुकान काढायचं हे तुझंच डोकं, आणि तूच अर्ध्यावर टाकून गेलीस. इथली परिस्थिती तुला माहीत आहे. हायवे रुंद झाल्यापासून मुंबईच्या गाड्या आपल्या दुकानापुढे थांबत नाहीत. मी गल्ल्यावर बसून माशा मारते, हे मागे ऐरणीवर विळ्या-खवण्या ठोकतात, आणि ठोकलेलं सगळं भिंतीला टांगलेलं राहतं. निकेशचं म्हणणं, पावसाळ्यापर्यंत बघू, नाहीतर भाता बंद करून जागा मोबाईलवाल्याला भाड्याने देऊ. तो माणूस परवा येऊन टेपने माप घेऊन गेला. हे त्या दिवशी जेवायला बसले नाहीत.

तर आता निकेशने मनावर घेतलंय. दुकान बनवून देणाऱ्या कंपन्यांमधला फरक तू मला वाल सोलता सोलता समजावला होतास. एक कंपनी म्हणजे भाड्याचा गाळा, विक्री होवो न होवो, महिन्याचं भाडं द्यायचं. दुसरी म्हणजे आठवडी बाजारातली जागा, बसायला फुकट, पण विकलं की वाटा द्यायचा. तिसरी म्हणजे आपलाच ओटा, पण गिऱ्हाईकाला हाका आपणच मारायच्या. मी म्हटलं होतं, मग ओटाच बरा. तू हसलीस. म्हणालीस, "आई, तेवढं सोपं नाय." शेवटी कुठली पसंत केलीस ते काही मला कळलं नाही. निकेश म्हणतो, तिने काहीच ठरवलं नव्हतं, नुसती कंपन्यांच्या पोरांशी बोलत बसायची.

त्याने गाळाच घेतला. त्याचा मित्र हरेश, वडखळला ज्याचं झेरॉक्सचं दुकान आहे तो, म्हणाला शॉपझूप घे, दहा मिनिटांत दुकान उभं. निकेश वर्षाचं भाडंही आधीच भरून बसला.

तू विळ्यांचे फोटो काढले होतेस ना, पांढऱ्या चादरीवर ठेवून? ते कुठे आहेत? की तेही फोनबरोबर कुंडीत गेले?

संक्रांतीला ये. वालाच्या शेंगा भरल्यात, मडक्यात पोपटी लावू. नाही आलीस तर निदान फोटोंचं कळव.

तुझी सासू,
नूतन


पेण, ५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. पूजा,

उत्तर नाही. ठीक. पत्र पोचलं हे मला माहीत आहे, कारण परतही आलेलं नाही.

तू नाहीस तर इथे काय चाललंय ते वाच, आणि हसू आलं तर हस. मला येत नाही.

शॉपझूपची दुकानं आधीच सजवून ठेवलेली असतात. आपण फक्त आपला माल ठेवायचा. पण सगळी सजावट कपड्यांची. निकेशने मोठी खवणी ठेवली तर खाली आपोआप आलं, "छाती किती, कंबर किती, धुताना गरम पाणी वापरू नये." एका गोऱ्या मुलीचा फोटो काही केल्या निघेना. ती आपल्या खवणीकडे बघून हसतेय. मी म्हटलं, हिला काढ रे. तो म्हणे, हिला काढायचे वेगळे पैसे.

मराठीत लिहिलं तर अक्षरांची मोडतोड. 'खवणी'तला ण एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. म्हणून हरेश म्हणाला, इंग्रजीत टाक, मशीन स्वतःच वर्णन लिहून देईल. निकेशने इंग्रजीत विळी लिहिलं. मशीनला वाटलं, या माणसाचं स्पेलिंग चुकलंय. त्याने ते सुधारलं. व्हिला केलं. आणि पुढे आपल्या मनाने चार ओळी जोडल्या: पेणमधला सुंदर व्हिला, लाकडी बैठक, घरगुती वातावरण, अविस्मरणीय धार. किंमत तीच ठेवली, साडेआठशे.

शनिवारी सकाळपासून दुकानाचा फोन वाजायला लागला. निकेश कंपनीत, मी एकटी.

"हॅलो, व्हिला अवेलेबल आहे का?"

"विळी? आहे की. किती पाहिजेत?"

"एकच. आम्ही आठ जणं आहोत."

मला वाटलं, केटरिंगवाले असतील. म्हटलं, "आठ जणांना एक पुरायची नाय. दोन घ्या."

"पूल आहे का?"

"पूल आहे ना, पुलाच्या अलीकडे आपलं दुकान."

"नाही हो, स्विमिंग पूल. आणि आमच्याकडे कुत्रा आहे, चालेल ना?"

मी म्हटलं, "बाबा, कुत्र्याला विळीपासून लांब ठेवा." त्याने फोन ठेवला. तो ठेवला तर दुसरा. अलिबागच्या वाटेवर साडेआठशेत बंगला म्हटल्यावर काय, अख्खी मुंबई लोटली. एक बाई तर दुपारी सामान घेऊन दारात. मी तिला पाणी दिलं, बसवलं, समजावलं. जाताना ती एक खवणी घेऊन गेली. शॉपझूपने मिळवून दिलेलं ते एकमेव गिऱ्हाईक.

निकेश आल्यावर मी सांगितलं, तर त्याने विळीचं नाव दुरुस्त केलं आणि सोबत कोयता टाकला. कोयता टाकल्या टाकल्या दुकानच बंद. पत्र आलं, आपण शस्त्र विकत आहात, परवाना जोडा. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "नारळ सोलायला परवाना लागतो?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा त्यांना.

निकेशने हात झटकले. "आई, आता तूच बघ, माझी शिफ्ट आहे." हे घर असंच आहे. सुरू एकाने करायचं, निस्तरायचं दुसऱ्याने. तू पण त्यातलीच, राग येऊ देऊ नकोस.

तू असतीस तर असं झालं नसतं, हे मी लिहिणार नव्हते. लिहिलं गेलं.

नूतन


पेण, २४ फेब्रुवारी २०२५

चि. पूजा,

शॉपझूपच्या मदतकेंद्राशी मी किती बोलले ते देवाला ठाऊक. आधी एक बाई येते, तारा तिचं नाव. ती बाई नाही, मशीन आहे, हे मला उशिरा कळलं. तोवर मी तिला तुझ्यापासून निकेशपर्यंत सगळं सांगून बसले होते. ती म्हणाली, मला आपली भावना समजते, आपली ऑर्डर कुठवर आली ते बघायला एक दाबा. मग वाजंत्री. ती वाजंत्री कानाला लावून मी भाजी निवडली, दुकान झाडलं, सुकट साफ केली. मग एक माणूस येतो. त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. तो म्हणतो, हे माझ्याकडे नाही, जोडून देतो. परत वाजंत्री. दुसऱ्या दिवशी नवा माणूस, पुन्हा पहिला पाढा. माझा फोन कानाला चिकटला तो चिकटलाच.

अशी ओट्यावर बसलेली असताना मालू कुंपणावरून म्हणाली, "कुणाशी गो एवढं बोलतेस? सकाळपासून बघतेय मी."

मी तिथल्या तिथे फोन बंद केला. कारण हेच शब्द मी आधी ऐकले होते. निकेश तुला म्हणायचा. जेवताना, दारात, एकदा तर पाहुण्यांसमोर. "कुणाशी एवढं बोलतेस?" मला तेव्हा वाटायचं, नवराबायकोची थट्टा आहे.

पुढचं ऐक. परवा ह्यांच्या फोनवर फोन आला. ह्यांना घणाच्या आवाजाने आधीच कमी ऐकू येतं, त्यांनी माझ्याकडे दिला. पलीकडून तरुण आवाज, मराठी बोलणारा. "मी ओसरी कंपनीमधून प्रविण बोलतोय. तुमचा दुकानाचा अर्ज अर्धा राहिलाय, पुढे करायचा का?"

प्रविण. हे नाव निकेशच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलंय, की त्या पोराला झापायची माझी तयारीच होती. म्हटलं, "तूच काय रे तो? आमच्या पूजाशी तासन्‌तास बोलणारा?"

तो घाबरला. "ताई, बोलायचो म्हणजे... पूजा मॅडमचे प्रश्न फार असायचे. आम्ही सगळे त्यांना ओळखतो इथे. मराठी अक्षरं तुटतात का, ते त्यांनी आमच्याकडून दहा शब्द लिहून घेऊन तपासलं. कोयता अडवतात का, विचारलं. धारदार वस्तू कुरिअरवाले घेतात का, परत आली तर येण्याचा खर्च कुणाचा, आज फुकट आहे ते उद्या किती महाग करणार, आणि दुकान दुसरीकडे हलवायचं झालं तर गिऱ्हाइकांची नावं आमची आम्हाला मिळतील का. शेवटचा प्रश्न तर आमच्या साहेबांना पण कुणी विचारला नव्हता."

मी म्हटलं, "मग ठरलं काय?"

"आमचंच ठरलं. ओसरी. अर्ज भरला, फक्त आधार आणि सही राहिली."

"कुणाची सही?"

"मालकांची. नूतन ताईंची. बँकेचं खातंही त्यांचंच दिलंय. मॅडम म्हणाल्या, दुकान सासूबाईंचं आहे, पैसे त्यांच्या हातात आले पाहिजेत. ताई कशा आहेत? त्यांना टाइप करता येत नाही ना, म्हणून बोलून माल चढवायची सोय आहे का, ते पण विचारलं होतं त्यांनी."

मी सांगितलं नाही की ताई म्हणजे मीच. म्हटलं, बऱ्या आहेत, नंतर करा फोन.

शॉपझूपवर निकेशने नाव स्वतःचं दिलंय आणि खातंही स्वतःचं. ते मी आत्ताच उघडून बघितलं. आधी बघितलं नव्हतं.

पूजा, तू मला का नाही सांगितलंस? वाल सोलताना सगळं सांगितलंस आणि एवढंच ठेवलंस. की सांगितलं होतंस निकेशला, आणि त्यावरूनच ती बोलाचाली झाली?

नूतन


पेण, १ मार्च २०२५

पूजा,

मी ह्यांना विचारलं. भात्याजवळ जाऊन, ओरडून विचारावं लागलं. इतकं, की मालूने खिडकी उघडली.

"पूजाचा फोन कुंडीत कसा पडला?"

ह्यांनी हातातला घण खाली ठेवला. "पडला नाय. टाकला."

"कुणी?"

"तिच्या हातातून ओढून घेतला नि टाकला. तिथनं, दारातनं. पाणी उडालं माझ्या अंगावर."

"मग एवढे दिवस बोलला का नाय?"

"तू मला विचारलंस कुठं? तू त्याला विचारलंस."

असा माणूस आहे हा. लोखंड तापल्याशिवाय बोलायचं नाही. मग हळूहळू सांगितलं. खातं कुणाच्या नावाने, यावरून सुरू झालं, मग प्रविणचं नाव निघालं, मग तुझं चारित्र्य निघालं. ह्यांनी निकेशला म्हटलं, तुझ्या हाताने काढ तो फोन. तो मोटरसायकल काढून निघून गेला. फोन ह्यांनी काढला. आणि तू बॅग घेऊन निघालीस तेव्हा स्टेशनपर्यंत बॅग ह्यांनी नेली. रोह्याच्या गाडीत बसवलं. हे तुला माहीत आहे. मला आत्ता कळलं. तेव्हा मी बाजारात मेथीच्या जुडीसाठी हुज्जत घालत होते.

निकेश कामावरून आला तेव्हा मी ताट वाढलं आणि समोर बसले.

"फोन निसटला म्हणालास."

"निसटलाच. म्हणजे रागात..."

"दारातनं कुंडीपर्यंत निसटला?"

"आई, तुला माहीत नाय, ती दिवसभर त्या प्रविणशी..."

"त्या प्रविणशी मी पण बोलले परवा. बराच वेळ बोलले. हा घे माझा फोन. टाक कुंडीत."

मी फोन त्याच्यासमोर धरला. त्याने हात पुढे केला नाही. ताटातल्या भाताकडे बघत म्हणाला, "माझं नाव ठेवायला काय झालं होतं? मी मुलगा हाय ना तुमचा? लोक काय म्हणतील, बायकोनं दुकान आईच्या नावावर केलं?"

मी म्हटलं, "पाती तुझा बाप घडवतो. गल्ल्यावर मी बसते. ऑनलाइनचं डोकं त्या पोरीचं. तुझं काय होतं रे त्यात, की लोकांनी काही म्हणावं?"

तो उठला. हरेशकडे वडखळला जाऊन राहिला. दोन दिवसांनी आला, आता आहे घरी. बोलतो कमी. तुझी माफी मागितली का, मला माहीत नाही. मागितली असेल तर तुला माहीत असेल. त्याला न्यायला पाठवू का, असं मी तुला विचारणार नाही. त्याला पाठवणारी मी कोण आणि तुला बोलावणारी मी कोण.

बायजाबाईंना माझा फोन घ्यायची इच्छा का नाही, ते आता कळलं. मी पहिल्या पत्रात तुला जे लिहिलं ते चुलीत घाल.

नूतन


पेण, २ एप्रिल २०२५

पूजा,

मी काल रोह्याला येऊन गेले हे तुझ्या आईने सांगितलं असेलच. त्यांनी सांगितलं ते त्यांच्या बाजूचं. आता माझं ऐक.

दारात गेले तर बायजाबाई उंबरठ्यात उभ्या. हातात वाल पाखडायचं सूप. आत या म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत.

"पोरगी कामावर गेलीय," म्हणाल्या. "धाटावला लागलीय. पॅकिंगला. कंपनीची बस नेते."

"बरं झालं," मी म्हटलं.

"बरं काय झालं, विहीणबाई? कॉम्प्युटर शिकलेली पोर डबे भरते. आणि तुम्ही न्यायला आलात तर सांगते, मी पाठवायची नाय. आज फोन फेकला, उद्या काय फेकील?"

मी म्हटलं, "न्यायला आले नाय मी."

"मग कशाला आलात?"

"विचारायला आले, की कोयत्याला काय नाव लिहायचं. जे लिहावं त्याला मशीन शस्त्र म्हणतंय."

बायजाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि हसल्या. हसताना रडल्या पण थोडं. मग पाणी दिलं, चहा दिला. तुझ्या खोलीकडे बघत बसलो दोघी. तुझी वाट बघायची हिंमत झाली नाही मला. परतीच्या गाडीचं निमित्त करून उठले. तुला समोर बघून पहिला शब्द कुठला बोलायचा, ते ठरलेलं नव्हतं.

आता दुकानाचं. शॉपझूप बंद केलं. वर्षाचं भाडं गेलं ते गेलं, परत देत नाहीत. निकेशने धडा विकत घेतला म्हणायचं. ओसरीच्या अर्जावर मी सही केली. आधारचा तो ओटीपीचा आकडा ह्यांच्या फोनवर येतो आणि हे घण मारत असतात, त्यामुळे तो ऐकू येईपर्यंत त्याची मुदत संपते. तीनदा संपली. चौथ्यांदा मी भात्याशेजारीच उभी राहिले आणि ह्यांना म्हटलं, पाच मिनिटं ठोकू नका. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण कामाच्या वेळी मी ह्यांना थांबवलं असं पहिल्यांदाच घडलं.

दुकान उभं राहिलंय. पांढऱ्या चादरीवरचे फोटो तुझेच लावायचे होते, नाहीत, म्हणून मी काढले. सगळ्यात माझी सावली येते. मराठी अक्षरं तुटत नाहीत, तू तपासून घेतलं होतंस तसंच. बोललं की लिहिलं जातं. फक्त मी मध्येच मालूला काही म्हटलं तर तेही लिहिलं जातं. एका खवणीच्या वर्णनात "अगं दूध उतू गेलं बघ" असं दोन दिवस होतं.

मोबाईलवाला परत आला होता. मी सांगितलं, जागा रिकामी नाही. निकेश तिथेच होता, त्याने अडवलं नाही. पण पूजा, खोटं कशाला बोलू, ऑर्डर अजून एकही नाही. ओसरी म्हणजे तू सांगितलेला तो ओटाच, आणि त्यावरून हाका मारायच्या कशा, ते मला येत नाही. प्रविण सांगतो, पण तो सांगतो ते मला अर्धंच समजतं. पावसाळ्याच्या तोंडावर परत हाच विषय निघणार, आणि तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही हवं.

म्हणून सरळ विचारते. घरी ये असं म्हणत नाही. तिथे बसून दुकान बघशील का? रोह्यात, तुझ्या आईच्या घरी, तुझ्या वेळेने. येईल त्यात निम्मं तुझं, तुझ्या खात्यात. माल मी पेणहून गाडीने पाठवीन किंवा इथूनच गिऱ्हाइकाला लावीन. निकेशचा त्यात संबंध नाही. त्याचं नि तुझं काय करायचं ते तू ठरव, वेळ घे, मी त्यात एक शब्द बोलणार नाही. तू त्याला सोडलंस तरी मी तुझ्याशी व्यवहार सोडणार नाही. आणि नको वाटलं तर नको म्हण, पण म्हण काहीतरी. तुझं हे गप्प राहणं आता ह्यांच्या वरताण झालंय.

नूतन


पेण, २१ एप्रिल २०२५

पूजा,

हे पत्र पार्सलमध्ये आहे. पत्र आधी वाच, पार्सल नंतर सोड. आतली विळी नवीन आहे आणि धार ताजी आहे. पुठ्ठ्याखाली पात्याला चिंधी गुंडाळलीय, ती हाताने ओढू नकोस, गाठ सोड.

परवा दुपारी फोन किणकिणला. मी बघितलं, पहिली ऑर्डर. एक विळी, मध्यम, खवणीसकट. पत्ता रोहा. नाव वाचलं आणि मालूला हाक मारून तिच्याकडून परत वाचून घेतलं.

मग खालचा चौकोन वाचला, जिथे गिऱ्हाइकाने सूचना लिहायच्या असतात. तो तू अख्खा भरलास. "कोयता लिहू नका, 'नारळ सोलण्याचे अवजार' लिहा, अडवत नाहीत. पाट कुठल्या लाकडाचा ते लिहिलेलं नाही. वजन लिहिलेलं नाही, मुंबईचं गिऱ्हाईक वजन बघतं. तिसऱ्या फोटोत विळीखालचा पेपर दिसतो आणि त्यावर श्रद्धांजली आहे. दुकानाचं नाव नुसतं 'विळी' ठेवू नका, पेण लिहा, लोक पेण शोधतात. रविवारी मला सुट्टी असते. तेव्हा पासवर्ड पाठवा."

पैसे देऊन सासूच्या चुका काढायच्या! असं गिऱ्हाईक कुणाला मिळालं नसेल. मी चौकोन ह्यांना वाचून दाखवला, मोठ्याने, दोनदा. हे म्हणाले, "श्रद्धांजली कुणाची हाय बघ, ओळखीचा असेल." मग उठले आणि भाता पेटवला. भिंतीला एवढा माल टांगलाय, त्यातली एक काढून देत होते मी, तर म्हणाले, "ती नको." सकाळभर एकच पातं ठोकत बसले. पाणी दिलं, उन्हात धरून बघितलं, परत तापवलं, परत पाणी दिलं. पाट आपल्या फणसाच्या लाकडाचा आहे. हे लिहीन आता दुकानात.

पैसे मी परत करणार होते. सुनेकडून विळीचे पैसे घ्यायचे म्हणजे काय. हेच म्हणाले, "घे. गिऱ्हाईक हाय ती." म्हणून घेतले. खात्यात जमा झालेत, माझ्या नावाने, तू लिहून दिलेल्या खात्यात. आयुष्यभर गल्ल्यावर बसले, पण माझ्या नावावर आलेला पहिला पैसा हा.

निकेशने पार्सल बघितलं. पत्ता वाचला. म्हणाला, "मी देऊ का पोस्टात टाकून?" मी म्हटलं, "नको, मी जाते." तुला कळवते एवढंच, यातून काही काढू नकोस.

पासवर्ड या पत्रात लिहीत नाही, पोस्टाचा भरवसा नाही आणि त्या नवीन बाईचा तर मुळीच नाही. रविवारी बायजाबाईंच्या फोनवर करीन. त्यांना सांग, या वेळी ठेवू नका म्हणावं.

विळी वापरून बघ. नारळ खवून बघ, वालाच्या शेंगा चिरून बघ. मग ओसरीवर अभिप्राय लिही. तिथे पाच चांदण्या असतात, आपल्या मनाप्रमाणे द्यायच्या. पण खरा लिही गो. सासू म्हणून एक चांदणी जास्त देऊ नकोस.

नूतन